सावरलेला हात

'पेच' हा गेम विकायला ठेवला तेव्हा तो अर्धामुर्धाच तयार होता, आणि ते कुणी लपवलंही नव्हतं. अशा गेमला 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणतात. लोक तो अपुराच घेतात, खेळता खेळता त्यातल्या चुका कळवतात आणि त्यांच्या तक्रारींवर गेम हळूहळू पुरा होतो. २०३४ च्या मे महिन्यात कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, चार माणसांच्या कंपनीने हा पतंगांचा गेम बाहेर काढला. तक्रारी वाचणं, उत्तरं देणं आणि चिडलेल्या माणसाला धरून ठेवणं हे काम नीलाक्षी साळोखेचं होतं. ती एकतीस वर्षांची होती. तिच्याशी दोन मिनिटं बोललं की चिडलेला माणूस शांत होई, अशी तिची ख्याती होती.

अकराव्या दिवशी मिरजेहून एक आवाजी तक्रार आली.

"म्याडम, पतंग झकास आहे. पण तुमची दोरी खोटं बोलते."

बोलणारे होते दस्तगीर नदाफ, वय अठ्ठावन्न. पस्तीस वर्षं सतारी बनवत होते. मुलगी तस्नीम लग्न होऊन मस्कतला गेली होती. तिनेच हा गेम त्यांना पाठवला होता, दर शुक्रवारी बाप-लेकीने एकाच आभाळात पतंग उडवावेत म्हणून. नीलाक्षीने त्यांना फोन लावला.

"खोटं म्हणजे कसं, चाचा?"

"ताणलेली दोरी म्हणजे तारच की ओ. ढील दिली की ती आधी मधे पोट सोडते, मग टोकाला कळतं. तुमच्यात टोकाला आधीच कळतंय. असं जगात कुठं होत नाही."

हे बोलणं तिने सारंग भोसेकरला ऐकवलं. कंपनी सारंगची आणि इंजिनही त्यानेच लिहिलेलं. इंजिन म्हणजे गेमच्या पोटातलं यंत्र: वारा किती, दोरीला ताण किती, पतंग कुठे झुकेल, हे सेकंदाला शेकडो वेळा ठरवणारं. सारंगने ती तक्रार तीनदा ऐकली, कपाळावर हात मारला आणि चार दिवस बसून दोरीचं सगळं गणित नव्याने मांडलं. त्यानंतर 'पेच'ची दोरी अशी काही वागू लागली, की खेळणाऱ्याच्या अंगठ्याला ताण जाणवे. विक्री तिप्पट झाली. गेमच्या श्रेयनामावलीत 'दोरीचे गुरू' म्हणून दस्तगीर नदाफांचं नाव गेलं. ते वाचून त्यांनी नीलाक्षीला पेढ्याचा डबा पाठवला आणि 'म्याडम'वरून ते 'बेटा'वर आले.

पण दोरी खरी झाली तशी एक नवीच अडचण उभी राहिली. माणसाचा कुठलाच हात पूर्ण स्थिर नसतो. धडधाकट माणसाचाही हात सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण इतक्या हळव्या दोरीला ते लगेच कळे आणि पतंग आभाळात कापरं भरल्यासारखा हले. तक्रारींचा पाऊस पडला. मग सारंगने इंजिनात एक भाग घातला आणि त्याचं नाव ठेवलं 'सावर'.

सावर दोन आठवडे नुसतं बघत असे. अंगठा कंट्रोलरच्या दांडीवर कसा टेकतो, खेच द्यायच्या आधी किती थांबतो, दमल्यावर काय करतो, सगळं. मग त्या हालचालीतून दोन गोष्टी ते वेगळ्या काढी: माणसाला काय करायचं आहे, आणि हात त्यात आपलं काय मिसळतो आहे. पहिली गोष्ट पतंगापर्यंत जाई, दुसरी वाटेतच वजा होई. हात बदलेल तसं सावरही बदले. रोज नव्याने शिके. एक मर्यादा मात्र सारंगने घातली होती. वीस टक्क्यांपेक्षा जास्त वजाबाकी करायची नाही, नाहीतर माणसाऐवजी इंजिनच खेळेल. कुणाचं बोट तुटलेलं असेल, कुणाला संधिवात असेल, अशांसाठी ती मर्यादा वाढवायची मुभा फक्त नीलाक्षीकडे होती.

पुढच्या फेब्रुवारीत दस्तगीरचाचांची तक्रार आली. "बेटा, उजवीकडं पतंग मागं मागं राहतोय. डावीकडं ठीक आहे. वाऱ्यात काही बदललंय काय?"

वाऱ्यात काही बदललं नव्हतं. नीलाक्षीने त्यांच्या खात्याची नोंद उघडली. आलेखात थरथरीचा एक नवा उंचवटा उभा राहिला होता, सेकंदाला पाचच्या आसपास. फक्त उजव्या अंगठ्याचा. तोही खेच देताना नाही, तर अंगठा दांडीवर नुसता विसावलेला असताना. आणि खेच द्यायची असली, की ती पूर्वीपेक्षा किंचित उशिरा निघत होती. सावर हे सगळं वजा करत वीस टक्क्यांच्या भिंतीला जाऊन थडकलं होतं.

तिने भिंत पस्तीसवर नेली. दोन मिनिटांचं काम.

"आता कसं झकास!" संध्याकाळी त्यांचा निरोप आला. "उजवा हात परत आला बघ."

एप्रिलमध्ये तीच तक्रार पुन्हा आली. तिने पस्तीसचे साठ केले. पण या वेळी बोटं कीबोर्डवरून उठेनात. विसाव्यातली थरथर, सेकंदाला चार ते सहा, एकाच बाजूला, हालचालीला उशीर. तिने हे शब्द शोधात टाकले. उघडलेल्या प्रत्येक पानावर एकच नाव होतं: कंपवात.

तिने बरंच वाचलं. मेंदूतल्या ठरावीक पेशी मरत जातात आणि पुरेशा मरेपर्यंत माणसाला काही कळतच नाही. तीन वर्षांपूर्वी एक औषध आलं होतं. ते उरलेल्या पेशींचं मरणं जवळजवळ थांबवी. मेलेल्या मात्र परत आणता येत नसत. म्हणून जितकं लवकर सुरू कराल तितकं तुमचं तुमच्याकडे राहील, असं डॉक्टर सांगत. आणि लवकर कसं ओळखायचं, ही सगळ्या जगाची अडचण होती. इथे एका पतंगाच्या गेमने ते ओळखलं होतं, आणि ओळखून झाकून टाकलं होतं.

ती आलेख घेऊन सारंगकडे गेली. त्याने तो बराच वेळ पाहिला.

"नीला, आपण पतंग विकतो," तो म्हणाला.

"नुसतं सांगू या ना, एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणून."

"आणि त्यांनी विचारलं, कशावरून? कंट्रोलरची स्प्रिंग सैल असेल. मान आखडली असेल. तुझ्याकडे आहे काय, एका अंगठ्याची नोंद! साठीला आलेल्या कारागिराला तू सांगणार, चाचा, तुमचा हात जातोय? आणि ते खोटं निघालं तर?"

"आणि खरं निघालं तर?"

सारंगने आलेख तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "बेंगळुरूचे लोक इंजिन विकत घ्यायचं म्हणतायत, तुला माहीत आहे. आपण लोकांच्या आजाराची माहिती गोळा करतो असा नुसता वास जरी आला तरी ते पळतील. चार महिने थांब. करार होऊ दे, मग रीतसर वकिलाला विचारून सगळ्यांसाठीच काहीतरी करू."

"ठीक आहे," नीलाक्षी म्हणाली.

जिना उतरताना तिला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. सारंगने अडवलं म्हणून ती थांबली, असं नव्हतं. कुणीतरी अडवावं म्हणूनच ती त्याच्याकडे गेली होती.

जूनमध्ये तिने साठचे ऐंशी केले.

ऑगस्टमध्ये गेमसाठी दोऱ्यांचे आणि तारांचे खरे आवाज हवे होते. चाचांनी स्वतःहून बोलावलं, आणि नकार द्यायला नीलाक्षीला कारण सुचेना. ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन ती मिरजेला गेली. ते स्टँडवर घ्यायला आले होते. ठेंगणे, पांढरी दाढी नीट कातरलेली, कानात अत्तराचा फाया. पुढे चालताना त्यांचा डावा हात झुलत होता. उजवा अंगाशी लागून होता, खिशातलं काही जपून नेत असल्यासारखा. तिने नजर दुकानांच्या पाट्यांकडे वळवली.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. छताला भोपळे टांगलेले, खाली तुणीच्या लाकडाचा भुसा. धाकटा भाऊ रफीक सतारीच्या एका दांडीला पितळी पडदे बांधत होता. चाचांनी मांडीवर सतार घेतली आणि हाडाची छोटी घोडी दाखवली, जिच्यावरून सगळ्या तारा जातात.

"हिच्या पाठीला कानशीनं असा उतार द्यायचा की तार सुटताना तिला घासून जाईल. जास्त घासली तर आवाज मरतो, कमी घासली तर कोरडा येतो. याला जवारी म्हणायचं. मोजमाप नाही याला. हातच मोजतो."

त्यांनी कानस टेकवली. रफीकने काम थांबवलं आणि भावाच्या हाताकडे पाहिलं. मग नीलाक्षीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ते चाचांच्या नजरेतून सुटलं नाही. ते हसले. "हा मला म्हातारा ठरवायला निघालाय. झालं काय, धारवाडच्या एका उस्तादांची सतार दोनदा परत आली. जवारी बसली नाही म्हणाले. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. खरं सांगतो बेटा, मी पण घाबरलो. हात गेला म्हटलं."

"मग?" तिने विचारलं.

"मग काय! शुक्रवारी तस्नीमबरोबर खेळायला बसलो. सहाच्या सहा पतंग कापले पोरीचे! म्हटलं, हात बिघडला असता तर पेच कसा लागला असता? तुमच्या गेमला तर केसाइतकी थरथर कळते, सारंगसाहेबांनीच लिहिलंय ना तसं. रफीकला पण दाखवलं. घोडीचं हाडच खराब होतं ते. डॉक्टरकडं जा म्हणून मागं लागला होता, त्याचं तोंड बंद केलं."

यंत्र चालू होतं. त्यात पुढचे काही क्षण मुद्रित झालेले आहेत: रस्त्यावरून जाणारी रिक्षा, भोपळ्यांना लागणारा वारा, आणि मग नीलाक्षीचा आवाज, "ती खर्जाची तार जरा पुन्हा छेडता का, चाचा?"

कोल्हापूरला परतल्यावर तिचं कामात लक्ष लागेना. लोकांना उत्तरं लिहिताना 'आपल्या त्रासाबद्दल क्षमस्व' या ठरलेल्या वाक्याशी ती अडकून बसे. आई विचारी, "बरं नाही का गं?" तर ती अंगावर जाई. एप्रिलमध्ये बोलली असती तर नुसती एक शंका बोलून दाखवली असती. आता बोलायचं म्हणजे आपणच सगळं कबूल करायचं, हे तिला दिवसेंदिवस जास्त कळत होतं, आणि तेवढ्यासाठीच ती आणखी एक आठवडा, मग आणखी एक आठवडा थांबत होती.

ऑक्टोबरात तिने एक भेकड वाट शोधली. न सांगता, एका गुरुवारी, तिने त्यांची मर्यादा ऐंशीवरून पुन्हा वीसवर आणली. त्यांचं त्यांनाच दिसेल. आपल्याला बोलावं लागणार नाही.

शनिवारी सकाळी तक्रार आली. "बेटा, परवाच्या अपडेटनं काहीतरी मोडलंय. पतंग नुसता लटपटतो. तस्नीमनं सगळे कापले. शेवटी पोरगी मुद्दाम हरायला लागली, मला कळलं ते." ते हसायचा प्रयत्न करत होते. "लवकर नीट कर. बघ, गेमच मोडलाय ना?"

शेवटचा प्रश्न तिने पुन्हा ऐकला. आठ महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा तिला उत्तर सुचवून प्रश्न विचारला होता.

तिने सारंगच्या टेबलावर जाऊन सांगितलं, "मी मिरजेला चालले आहे. चाचांना सगळं सांगणार आहे. तुला मला काढायचं असेल तर काढ."

सारंगने तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बसला.

कारखान्यात रफीक नव्हता. चाचांनी तिला पाहून आश्चर्याने उठायचा प्रयत्न केला. "अरे बेटा, एवढ्यासाठी स्वतः आलीस?"

ती भुशातच बसली. पिशवीतून कागद काढले. फेब्रुवारीपासूनचे आठ आलेख, एकाखाली एक. तिने वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही.

"चाचा, गेम मोडलेला नाही. आतापर्यंत मी तो मोडून ठेवला होता." मग तिने सावर काय करतं ते सांगितलं. पाचावरचा उंचवटा दाखवला. वीस, पस्तीस, साठ, ऐंशी, हे आकडे बोटाने दाखवले. कंपवात हा शब्द उच्चारला. औषधाबद्दल सांगितलं.

ते कागद डाव्या हातात धरून पाहत राहिले. उजवा हात मांडीवर होता. त्याचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलकेच फिरत होते, गोळी वळल्यासारखे. आता दोघंही तिकडे पाहत होते.

"फेब्रुवारी?" ते म्हणाले.

"हो. मला एप्रिलमध्ये समजलं."

"ऑगस्टात तुम्ही इथंच बसला होता."

"हो."

"मी सहा पतंगांचं सांगितलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं, चाचा."

'बेटा' नव्हतं, 'तुम्ही' होतं. त्यांनी कागदांची नीट घडी घातली. मग ते उठले, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात घेऊन तिच्यासमोर ठेवलं आणि दारातून म्हणाले, "साडेतीनची कोल्हापूर गाडी आहे. मिळेल तुम्हाला."

पुढचं तिला तस्नीमकडून कळलं. मस्कतहून ती आठवड्याभरात आली, वडिलांना पुण्याला घेऊन गेली. तपासण्या झाल्या. निदान तेच निघालं. औषध सुरू झालं आणि लागूही पडलं.

"डॉक्टर म्हणाले, आता आहे तिथं थांबेल," तस्नीम फोनवर म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "अब्बा जेवतील, चालतील, शर्टाची बटणं लावतील. फक्त जवारी नाही काढता येणार. मी विचारलं, फेब्रुवारीत आलो असतो तर? ते म्हणाले, खात्रीनं सांगता येत नाही, पण तेव्हा हात बराच शाबूत असावा. ताई, तुम्ही वाईट नाही आहात, मला माहीत आहे. पण मी दर शुक्रवारी अब्बांशी खेळत नव्हतेच की. तुमच्या मशीनशी खेळत होते. मी त्यांची मुलगी, मला दिसलं असतं."

नीलाक्षीने फोन ठेवला आणि ती सारंगच्या टेबलाकडे गेली.

त्या आठवड्यात ती आणि सारंग 'पेच'च्या सगळ्या खेळाडूंच्या नोंदी घेऊन बसले. एकेचाळीस हजार हात. तीच खूण शोधली तर त्रेसष्ट नावं निघाली. सारंगने स्वतःच बेंगळुरूला कळवलं, आणि तो करार तिथेच थांबला. नव्या अपडेटमध्ये सावर आता जेवढं वजा करी तेवढं खेळणाऱ्याला उघड दाखवी, आणि आकडा वाढला की तसं सांगे. पण ती त्रेसष्ट माणसं अपडेटच्या निरोपावर सोडायची नाहीत, आपण फोन करायचा, हे नीलाक्षीने ठरवलं.

पहिला फोन लातूरच्या एका शिक्षिकेला होता. तिचा कंट्रोलर जिन्यावरून पडला होता, बाकी काही नाही. ती पोट धरून हसली. दुसऱ्याने शिव्या देऊन फोन ठेवला. तिसरा हलक्या आवाजात म्हणाला, "बायकोला सांगू नका हं, मीच सांगतो." असे दिवसाला चार-पाच. त्याहून जास्त तिला झेपत नसत.

डिसेंबरात एका दुपारी मदतीच्या यादीत दस्तगीर नदाफांच्या खात्यावरून नवी नोंद दिसली. गेम त्यांनी दोन महिन्यांत उघडलेला नव्हता. तक्रार लिहिलेली होती, बोललेली नव्हती. डाव्या हाताने लिहिली असावी, तशी तुटक.

'रफीकला जवारी शिकवतोय. त्याचा हात धरून नाही शिकवता येत, सांगून शिकवतो. अवघड आहे. एक विचारायचं होतं. तुम्ही सांगितलं नाही ते मला दुखू नये म्हणून, की तुम्ही घाबरलात म्हणून?'

नीलाक्षीने एक लांब उत्तर लिहिलं. त्यात सारंग होता, करार होता, निदान चुकायची भीती होती, त्यांच्याबद्दलची माया होती. सगळं खरं होतं. तिने ते वाचलं आणि सगळं पुसून टाकलं. मग लिहिलं, 'घाबरले म्हणून.'

पाठवल्यावर ती पडद्याकडे बघत बसली. तक्रारीचं उत्तर मिळालं की खेळाडूला ती बंद करताना दोनांतला एक पर्याय दाबावा लागे: 'समाधान झालं' किंवा 'उत्तर मिळालं'. वीस-एक मिनिटांनी मिरजेहून दुसरा दाबला गेला.

तिने ते पाहिलं. डोळे पुसले. त्रेसष्टांच्या यादीत अजून एकोणचाळीस नावं होती. पुढचं नाव परभणीच्या एका शिंप्याचं होतं. तिने नंबर लावला, आणि पलीकडून 'हॅलो' येताच, आवाज सावरायच्या फंदात न पडता, बोलायला सुरुवात केली.